रविवारी मरणारे डॉक्टर

डॉक्टरांना मरताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. बहुतेक वेळा रविवारी सकाळी, बदलापुरातल्या कात्रप भागातल्या एका शाळेच्या जिन्यात, आणि बहुतेक वेळा माझ्याच हातून. त्यामुळे गेल्या महिन्यात मेरीचा फोन आला आणि "डॉक्टर गेले ग," असं ती म्हणाली, तेव्हा मी जुन्या सवयीनं विचारलं, "कुठल्या वळणावर?"

मेरी म्हणाली, "वळणावर नाही. घरी. बिछान्यात. खरंखुरं."

त्या रविवारांच्या काळात आम्ही दोघी बदलापूरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स होतो. डॉक्टर भूल देणारे. त्या काळी आमच्या भागातल्या कुठल्याच नर्सिंग होमला स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नसे. हे एकटेच गृहस्थ स्कूटरच्या पायाशी औषधांची पेटी ठेवून सकाळी उल्हासनगर, दुपारी अंबरनाथ, संध्याकाळी बदलापूर असे फिरत. उंच, वाळलेले, पांढरी पँट, पायात खेळाच्या तासाला मुलं घालतात तसले कॅनव्हासचे बूट. माणूस भेटला की ते आधी त्याच्या हनुवटीकडे बघत आणि मग मानेकडे. डोळ्यांकडे बघायची पाळी शेवटी. बेशुद्ध माणसाच्या घशात श्वासाची नळी घालायची वेळ आली तर ती सहज जाईल की अडेल, याचा अंदाज ते सतत बांधत असत. आमच्या एका आयाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला निरखून पाहिलं आणि अक्षता टाकता टाकता शेजारच्या बाईंना सांगितलं, "हनुवटी आत आहे. पुढं अवघड जाणार." त्या शेजारच्या बाई नवऱ्या मुलाच्या आत्या होत्या.

गंभीर पेशंटला एका गावातून दुसऱ्या गावी हलवताना काय करायचं, हे नर्सना शिकवायचं खूळ त्यांच्या डोक्यात केव्हा शिरलं, मला माहीत नाही. तोवर आमच्याकडची पद्धत सोपी होती. पेशंटचं जास्त झालं की त्याला गाडीत घालायचा, ड्रायव्हरला "पळव" म्हणायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. गाडी म्हणजे एका मंडळाची जुनी मॅटाडोर. आत एक बाकडं, एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पुढं ड्रायव्हर रामभाऊंचा गणपती. डॉक्टर म्हणत, "आपल्याकडं माणसं रोगानं कमी मरतात, हलवताना जास्त मरतात." म्हणून शाळेचा जिना मागून घेऊन त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला. तिन्ही गावांतल्या नर्स येत. रामभाऊंनाही यावं लागे. त्यांची तक्रार एकच असे, "आमाला गाडी चालवायला ठेवलंय, शाळा शिकायला नाय."

वर्गात पेशंट स्वतः डॉक्टर. ते स्ट्रेचरवर आडवे होत, डोळे मिटत, आणि आम्ही त्यांना दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं. डोकं वर हवं, पाय पुढं हवेत, सलाईनची बाटली लोंबकळता कामा नये, ऑक्सिजनची नळी कुणाच्या पायाखाली येता कामा नये. काही चुकलं की डॉक्टर शांतपणे मरत. ओरडत नसत, हात झाडत नसत. आम्ही खाली पोचून घाम पुसायला लागलो की स्ट्रेचरवरून आवाज येई, "मी मेलो आहे. केव्हा मेलो, कुणाच्या लक्षात आलं?"

कुणाच्याच लक्षात आलेलं नसे.

"पहिल्या वळणावर. या सिस्टर नळीवर उभ्या होत्या." या सिस्टर म्हणजे मी. "तेव्हापासून तुम्ही एका प्रेताला अत्यंत काळजीपूर्वक खाली आणत आहात."

नर्स त्यांना पाठीमागं 'मयत' म्हणत. "मयत आले का ग?" "आलेत, स्कूटर लावतायत." हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. त्याबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच, की ते नाव त्यांचं नसून आमच्या कामगिरीचं आहे.

एकदा आम्ही त्यांना शाळेच्या फाटकाबाहेर मॅटाडोरपर्यंत नेत होतो. समोरच्या इमारतीतले एक आजोबा दूध घेऊन येत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, पुढं येऊन डॉक्टरांच्या पायांना हात लावला आणि मला हळूच विचारलं, "किती वाजता काढणार?" मी काही बोलायच्या आत डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "यांना सांगा, अजून मेलो नाही. पण या मुली असंच धरत राहिल्या तर अर्ध्या तासात." आजोबांचं दूध सांडलं. पुढच्या आठवड्यात इमारतीच्या लोकांनी हेडमास्तरांकडं तक्रार केली, की सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी प्रेत दिसतं, लहान मुलं घाबरतात. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, यापुढे मागच्या दारानं मरतो."

मी ड्युटीवर मोकळा वेळ मिळाला की वाचत असे. वाचनालयातून आणलेली कादंबरी कापसाच्या पेटीमागं लपवलेली असे. एकदा डॉक्टरांनी ती मागून नेली. मला वाटलं, चला, यांच्याशी आता पुस्तकांवर बोलता येईल. आठवड्यानं त्यांनी ती परत केली आणि गंभीरपणे म्हणाले, "नायिकेला बैलगाडीत उताणी झोपवली तिथंच चूक झाली. कुशीवर घ्यायला हवी होती. मग शेवटचं सगळं प्रकरण टळलं असतं." त्यानंतर त्यांनी माझ्याकडून पुष्कळ कादंबऱ्या नेल्या. प्रत्येकीवरचा अभिप्राय असाच. दुःखान्त असा काही प्रकार नसतो, निष्काळजी वाहतूक असते, असं त्यांचं साहित्यातलं मत होतं आणि ते अखेरपर्यंत बदललं नाही.

शाळेच्या जिन्याचा आम्हाला सराव झाला तेव्हा त्यांनी आम्हाला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात नेलं. तिथल्या एका सिंधी शेठजींच्या पत्नीला डॉक्टरांनी भूल दिली होती, त्या ओळखीवर. शेठजींचं गोदाम माडीवर. जिना अरुंद, मध्येच वळलेला, कठड्याला ताजा रंग. डॉक्टरांनी आम्हाला मोठ्या आरशाचं एक ड्रेसिंग टेबल दाखवलं आणि म्हणाले, "हा पेशंट. पाठीचा मणका मोडलाय. खाली आणा."

शेठजी घाबरले. "साईं, शीशा टूट गया तो?"

"तर पेशंट दगावला असं समजायचं."

"आपका पेशंट दगावेगा, नुकसान मेरा होगा ना!"

आम्ही सहा जणींनी ते टेबल चादरीवर घेतलं. डॉक्टर पुढं चालत आरशाशी बोलत होते, "आता डावीकडं वळतोय हं. पायरी आहे. घाबरायचं नाही." बघ्यांची गर्दी जमली. टेबल खाली आलं, आरशाला ओरखडाही नव्हता. शेठजींनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मेरीला म्हणाले, "सिस्टर, नौकरी छोड़ दो. मेरे हमाल से तुम अच्छा उठाता है." मेरी मूळची केरळची. तिनं विचारलं, "हमाल को कितना छुट्टी मिलता है?" पुढचे काही महिने बाजारातला नाजूक माल रविवारी आमच्यासाठी राखून ठेवला जात असे.

आरशाशी बोलणं हा विनोद नव्हता. डॉक्टर बेशुद्ध माणसांशी सतत बोलत, तेही अदबीनं. "दादा, सुई टोचतोय." "आजी, गाडी सुरू होतेय." बाकीचे डॉक्टर त्यांना हसत. आमच्या नर्सिंग होमचे मालक म्हणत, "ह्यांना जागे पेशंट आवडत नाहीत, उलट उत्तर देतात म्हणून." पण त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं अंग बंद पडलं म्हणजे कान बंद पडले असं नाही. आपण भुलीच्या औषधानं स्नायू ढिले करतो, तेव्हा माणूस कधी कधी आत जागा असतो आणि त्याला पापणीही हलवता येत नाही. त्याच्यासमोर काहीबाही बोलू नये. गाडीत तर मुळीच नाही. म्हणून त्यांचा एक कडक नियम होता. पेशंट जिवंत असो की नसो, इस्पितळाच्या दारापर्यंत 'गेला', 'संपला', 'उपयोग नाही' असले शब्द उच्चारायचे नाहीत. रामभाऊ एकदा डिझेलविषयी "संपलं" म्हणाले, तर डॉक्टरांनी त्यांना गाडीतून उतरवून पुन्हा आत बसायला लावलं.

दुसरा नियम फुग्याचा. ज्याचा श्वास थांबला आहे, त्याच्या घशातल्या नळीला रबरी फुगा जोडून तो हातानं दाबत राहायचा. तेव्हा आमच्या तिन्ही गावांत श्वास देणारं यंत्र नव्हतं, ते थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तोवर हाच फुगा. घाबरलेली नर्स तो भराभर दाबते आणि नुकसान करते, म्हणून प्रत्येकीनं आपली एक चाल ठरवायची आणि ती मोठ्यानं म्हणायची. मेरी मल्याळम प्रार्थना म्हणे. अंबरनाथच्या एक सिस्टर हिंदी गाणी म्हणत. मला मोठ्यानं बोलायचीच लाज. गाणं येत नाही, प्रार्थना मनातल्या मनात करायची सवय. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला तोंडपाठ काय येतं?" मी खूप विचार करून सांगितलं, "स्टेशनं." मी नर्सिंग शिकायला मुंबईला जात होते, कल्याणहून फास्ट गाडीनं. वर्गात माझं हसं झालं. डॉक्टर हसले नाहीत. "उत्तम. एका श्वासाला एक स्टेशन. नाव घेताना दाबा, मग सोडा आणि थांबा." मग मी फुगा धरून पुटपुटायला लागे, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा, व्हीटी. की पुन्हा बदलापूर.

"मोठ्यानं," डॉक्टर म्हणत. "पेशंटला उतरायचं असेल तर कळायला नको?"

गोमाला आणलं तेव्हा भातकापणी चालू होती. गोमा बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, विशी-बाविशीचा. पेंढ्या उचलताना त्याला हाताला नाग चावला होता. पाड्यावरच्या भगतानं दंडाला काळा मंतरलेला दोरा बांधला आणि मग बापानं त्याला जीपमध्ये घालून आमच्याकडं आणला. तोवर पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. सापावरची लस सुरू केली तरी श्वास मंद होत गेला. नशिबानं डॉक्टर आमच्याकडंच एका ऑपरेशनला आलेले. त्यांनी नळी घातली, मी फुगा जोडला. डॉक्टर दंडावरचा दोरा कापायला गेले तर बाप पाया पडायला लागला, "साहेब, तेवढा ऱ्हाऊ द्या." दोरा सैल होता. डॉक्टर म्हणाले, "राहू दे, त्यांना धीर वाटतो."

मुंबई गाठेपर्यंत हा फुगा थांबायचा नाही, एवढंच काम होतं. गोमा पूर्ण लुळा पडलेला. पापणीसुद्धा हलत नव्हती. फुगा थांबला असता तर तोही थांबला असता. मॅटाडोरमध्ये त्याच्या डोक्याशी मी, बाकड्यावर डॉक्टर, पायाशी बाप. रामभाऊ सांगितल्याप्रमाणं सावकाश चालवत होते. डॉक्टर गोमाला रस्ता सांगत होते, मी स्टेशनं.

अंबरनाथ ओलांडलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गाडी अडकली. पुढं हातगाडीवर सोफा, त्याच्यापुढं टेम्पोत कपाटं, मागं रिक्षा. रामभाऊंनी हॉर्न वाजवला, खिडकीतून हात जोडले, शिव्याही दिल्या. हमाल म्हणाला, "काका, सोफा उडवून नेऊ का?" आमचे शेठजी दुकानाच्या पायरीवर आले. "डॉक्टर साब! बस दो मिनट, सोफा मुड़ रहा है।" सोफा वळत नव्हता. त्याला धरणाऱ्यांनी आमचा वर्ग केलेला नव्हता.

इकडे डॉक्टरांनी गोमाची नाडी बघायला त्याचं मनगट धरलं. गाडीत मनगटाला नाडी शोधायची नाही, मानेला शोधायची, हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. पण हात जवळ होता तो धरला. तो चावलेला हात होता. सुजून दुप्पट झाला होता आणि मघाचा सैल दोरा आता मांसात रुतला होता. नाडी लागेना. डॉक्टरांनी बोटं हलवून पुन्हा पाहिलं. मग ते मोठ्यानं, स्पष्टपणे म्हणाले,

"गेला."

बापानं हंबरडा फोडला. तो गाडीबाहेर ऐकू गेला आणि बाजार एका क्षणात बदलला. हमालांनी टोप्या काढल्या. सोफा उभा करून भिंतीला लावला गेला. टेम्पो मागं सरकला. शेठजींनी अर्धं शटर ओढलं, डोक्यावर रुमाल टाकला आणि खिडकीशी आले. जिवंत माणसाला जो रस्ता मिळत नव्हता तो मेलेल्याला आपोआप मोकळा झाला.

"छोड़ो बेटा," शेठजी मला म्हणाले. "अब हो गया."

मी फुगा सोडला नाही. यात शौर्य काही नव्हतं. मी कुर्ल्याला होते आणि मधेच कुठं थांबतात ते मला शिकवलेलं नव्हतं. मी दादर म्हणून दाबलं. भायखळा म्हणून दाबलं. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मग दचकल्यासारखे पुढं वाकले आणि त्यांनी गोमाच्या मानेवर बोटं ठेवली.

"चालू आहे," ते म्हणाले. आणि लगेच कात्री काढून त्यांनी दोरा कापला.

बापाचा विश्वास बसेना. तो आणखी मोठ्यानं रडायला लागला. रामभाऊंनी मागं वळून विचारलं, "मंग ह्यांना सांगू का, जित्ता हाय म्हनून?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना कळायच्या आत निघा."

आम्ही बाजारातून निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून उभी होती.

पुढं मुंबईपर्यंत डॉक्टरांनी गोमाला वळणंसुद्धा सांगितली नाहीत. इस्पितळात गोमाला यंत्र लागलं, काही दिवसांनी तो आपला आपण श्वास घ्यायला लागला आणि स्वतःच्या पायांनी घरी गेला. आमच्याकडं पेढे वाटले गेले. डॉक्टरांनी पेढा घेतला नाही. त्यांनी रविवारचा वर्ग बंद केला. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यानं तोंड उघडायचं नाही म्हणून शिकवलं, त्यानंच तोंड उघडलं. तो मुलगा आत जागा होता. मी त्याला त्याच्या मरणाची बातमी दिली. आता कुठल्या तोंडानं शिकवू?" मेरी म्हणाली, "सर, त्याने ऐकलाच नसेल." यावर ते भडकले. बेशुद्ध माणसाला ऐकू येतं म्हणून ते तेवीस वर्षं भांडले होते. आता नाही ऐकलं म्हणून सुटायचं त्यांना मान्य नव्हतं.

शेवटी ते गोमाची माफी मागायला निघाले. स्कूटरवर मागं मला बसवलं. "तुम्ही साक्षीदार आहात," म्हणाले. पाड्यावर गोमा खळ्यात भात झोडत होता. आम्हाला बघून त्यानं घोंगडी अंथरली, बापानं कोरा चहा आणला. डॉक्टर बसलेच नाहीत. उभ्यानं, शाळेतल्या मुलासारखे हात बांधून म्हणाले, "गोमा, त्या दिवशी गाडीत मी एक शब्द बोललो. तो तुम्ही ऐकलात का?"

"आयकला," गोमा म्हणाला. "गेला म्हनलात. मंग बापूस रडला. शटर पडलं. समदा आयकला."

डॉक्टरांनी विचारलं, "मग तुम्हाला काय वाटलं?"

गोमा थोडा लाजला. "खरं सांगू, साहेब? माजा ध्यान नव्हता तुमच्याकडं." त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ही बाय ठेसनं म्हनत व्हती. कल्यान म्हनायची नि एकदम डोंबिवली. मधी ठाकुर्ली ऱ्हायली! माजी भैन ठाकुर्लीला दिलीय. मला वाटला, चुकली आसंल, फुडच्या खेपंला म्हनंल. फुडच्या खेपंला बी नाय. जीव नुस्ता तळमळला. जीभ हालती तर वरडून सांगितला आसता. तुमी गेला म्हनलात तवा म्हनला, जायाचं मंग बगू, आदी हिची ठाकुर्ली येऊ दे."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही ठाकुर्ली का घेत नव्हता?"

"फास्ट गाडीला नसतं, सर."

ते घोंगडीवर बसले. चहा प्यायले, दुसरा मागून घेतला.

रविवारी वर्ग पुन्हा भरला. डॉक्टर सर्वांत आधी येऊन फळ्यापाशी उभे होते. मेरीला त्यांनी सांगितलं की प्रार्थनेतली मधली एक ओळ गाळायची. गाणी म्हणणाऱ्या सिस्टरना सांगितलं, कडव्याचा शेवट कधीच म्हणायचा नाही. कुणीतरी विचारलं, "का, सर?"

"सगळं नीट पुरं केलंत," डॉक्टर म्हणाले, "तर त्याला इथं थांबायचं कारणच उरत नाही."